नळ चालू आहे

आमच्या साहेबांना तहान लागली की गावोगावच्या ग्रामसेवकांना घाम फुटायचा.

दौऱ्यावर निघताना इतर अधिकारी पाण्याच्या बाटल्या भरून घेतात. आमचे साहेब तांब्याचा एक बुटका, कडेला पोचा आलेला तांब्या घेत आणि तो रिकामा आहे ना, हे उलटा करून बघत. मग गाडीत पुढच्या सीटवर बसून तो मांडीवर ठेवत आणि गाडी घाट चढायला लागे. गावात पोचल्यावर लोक खुर्ची पुढे करत, कोणी गुलाबाचं फूल देई. साहेब फूल ड्रायव्हरच्या हातात देत आणि विचारत, "योजनेचा नळ कुठला?" त्या नळाखाली तांब्या धरायचा. पाणी आलं तर तिथेच उभ्याउभ्या प्यायचं, मिशा पुसायच्या आणि म्हणायचं, "झाली तपासणी. शेरा लिहा, गोड आहे." नाही आलं तर रिकामा तांब्या घेऊन पुढच्या गावी. भर चैत्रात मी त्यांना सकाळपासून दुपारपर्यंत कोरड्या घशाने फिरताना पाहिलंय. मागून चालणारे आम्ही चोरून बाटलीतलं पाणी प्यायचो.

एकदा एका नव्या ग्रामसेवकाने धावत जाऊन सीलबंद बाटली आणली. साहेबांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"हे तुमच्या योजनेचं का?"

"नाही सर, दुकानातलं."

"मग शाबासकी दुकानाला देऊ या," साहेब म्हणाले आणि बाटली परत केली.

मी तेव्हा तालुक्याच्या कार्यालयात कनिष्ठ सहायक म्हणून नुकतीच लागले होते. मूळची मी दाभोशाकडची. घरी आमची बोली वेगळी, मराठी शाळेत शिकले आणि सरकारी मराठी नोकरीत, म्हणजे तिसऱ्या भाषेवर माझा पगार चालतो. माझं काम एकच होतं. गावोगावहून आलेली माहिती ऑनलाइन तक्त्यात भरायची. उद्दिष्ट, साध्य, टक्केवारी, शेरा. भरली की पडद्यावर गावांना रंग चढत. काम झालं तर हिरवा, रखडलं तर पिवळा, नाहीच झालं तर लाल. आधीचे साहेब सकाळी आल्याआल्या चहाच्याही आधी तो पडदा बघत आणि दिवसभराचा त्यांचा स्वभाव त्या रंगावर ठरे. हे साहेब आले आणि त्यांनी संगणकाला 'महाराज' म्हणायला सुरुवात केली. "काय म्हणतात महाराज आज? प्रसन्न आहेत का?" मी म्हणायची, "आज सगळीकडे हिरवळ आहे सर." ते खिडकीतून बाहेरच्या करपलेल्या डोंगराकडे बघत आणि म्हणत, "इथून दिसत नाही बुवा."

'शंभर टक्के' हा शब्द ऐकला की ते कान खाजवत. ती काही त्यांची नाटकी लकब नव्हती, खरोखरच खाज सुटत असावी. मग हमखास एक प्रश्न येई: "हा टक्का राहतो कोणाच्या घरी?" समोरचा गांगरायचा. टक्का घरात राहत नाही, हे त्याला ठाऊक असायचं, पण साहेबांना तसं सांगायचं कसं? साहेब समजावत, "अहो, माणसाचं नाव सांगा. ज्याचं काम झालं त्याचं एक नाव, आणि ज्याचं राहिलं त्याचं एक. मग टक्का खुशाल सांगा." बैठकीला येताना लोक आता अशी दोन-दोन नावं पाठ करून येऊ लागले. पहिलं नाव सगळे खणखणीत आवाजात सांगत. दुसऱ्या नावाला आवाज बसायचा.

शौचालयांची तपासणी ते कशी करत असतील, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. होय, तशीच. त्यांचं म्हणणं, जी वस्तू ज्या कामासाठी बांधली ते काम तिथे होतं का, एवढंच बघायचं, बाकी फोटो काय कोणीही काढतो. एका गावात (नाव सांगत नाही, तिथल्या सरपंचबाई माझ्या मैत्रीण आहेत) साहेबांनी शौचालयाचं दार उघडलं आणि आतून पाच-सहा कोंबड्या फडफडत अंगावर आल्या. मागे नागलीची पोती, वर सरपण. घरमालक लाजून अर्धा झाला. साहेब मात्र गंभीरपणे म्हणाले, "वापर होतोय, हे चांगलं आहे. फक्त लाभार्थी बदललेत." नंतर त्या माणसाशेजारी ओट्यावर बसून त्यांनी त्याच्या अडचणी ऐकल्या. पाणी लांब, पावसाळ्यात नागली ठेवायला कोरडी जागा नाही. शौचालय न वापरण्याचं कारण त्याच्या आळसात नव्हतं, हे तोपर्यंत आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. साहेब उठले तेव्हा तो माणूस स्वतःहून म्हणाला, "पोतां काढतो सायेब, पन कोंबड्यांना सांगाल तुमी."

आता हे सगळं ऐकून वाटेल की माणूस फार थोर होता. थोर होता की नाही ते मला माहीत नाही, त्रासदायक नक्की होता. जेवायची वेळ टळली तरी चालायचे. फाईल वाचताना मोठ्याने वाचायचे, आणि वाक्य लांबलचक असलं की मध्येच थांबून धापा टाकायचे, म्हणजे ते लिहिणाऱ्याला लाज वाटावी. वर्षअखेरीस सगळ्या देशात अधिकारी स्वतःच्या कामाचं मूल्यमापन लिहितात आणि त्यात कोणी स्वतःला कमी लेखत नाही. यांनी स्वतःला 'ब' दिला. आमचे कार्यालय अधीक्षक, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, कळवळून म्हणाले, "सर, असं कोणी लिहितं का? वरचे तुम्हाला 'अ' देणार असतील तर तेही बुचकळ्यात पडतील." साहेब म्हणाले, "जिथे जिथे पाणी नाही मिळालं, तिथे तिथे मी तहानलेला परत आलो भाऊसाहेब. 'अ' कसा लिहू? घसा साक्षीला आहे."

आणि आता वरचा पाडा.

सूर्यमाळच्या पुढे गाडीरस्ता संपतो, तिथून चढण आहे. वरती जंगलात विखुरलेली घरं, त्याला सगळे वरचा पाडा म्हणतात. थंडीत तिथे स्वर्ग असतो. उन्हाळ्यात मात्र बायका खालच्या विहिरीवर उतरतात आणि हंडे घेऊन तीच चढण चढतात. पाड्याचा टँकरचा प्रस्ताव दरसाल यायचा आणि मंजूरही व्हायचा. त्या वर्षी तो वरून परत आला. शेरा होता: 'सदर पाड्यावरील नळपाणी योजना चालू असल्याने टँकर अनुज्ञेय नाही.'

साहेबांनी तो कागद मोठ्याने वाचला, धाप टाकली आणि मला विचारलं, "महाराज काय म्हणतात?"

मी पडद्यावर बघितलं. वरचा पाडा हिरवागार होता. योजनेची स्थिती: चालू.

"वा!" साहेबांचा चेहरा उजळला. "मग चला पाणी प्यायला."

आम्ही गेलो. चढण चढता चढता भाऊसाहेब तीनदा बसले. वर पोचलो तर नळ दिसला. नवाकोरा, सिमेंटच्या ओट्यावर, तोटी चकाकणारी. साहेबांनी तांब्या धरला आणि तोटी फिरवली. आतून थोडी हवा आली, तीही नाराजीने.

तेवढ्यात समोरच्या घरातून एक बाई बाहेर आली. तिचं नाव सोमीबाय. पाड्यावर तिचा शब्द चालतो, हे पुढे कळलं. त्या क्षणी मात्र ती कमरेवर हात ठेवून तांब्यावाल्या साहेबांकडे बघत होती. तेवढ्यात तिची सून चढणीवरून येताना दिसली. डोक्यावर दोन हंडे, आणि दिवस भरत आलेले. एका हाताने हंडा, दुसऱ्या हाताने पोट सावरत होती. मी पुढे होऊन वरचा हंडा उतरवला, आणि त्याच्या वजनाने माझेच खांदे खाली आले.

साहेब सोमीबायला म्हणाले, "बाई, आमच्याकडे लिहिलंय की तुमचा नळ चालू आहे."

"हां मंग, चालूच हाय," सोमीबाय म्हणाली.

"चालू आहे?"

"चालू हाय कं! गेली होली झाली तवापासून चालू हाय. यंदाची होली झाली, अजून चालूच हाय. पाइप आनला, खड्डा केला, वोटा केला. आता मोटर नाय, लाइट नाय. चालू हाय, चालू हाय, सगली हेच सांगतात."

साहेबांनी तांब्या ओट्यावर ठेवला. मग त्यांनी सावकाश विचारलं, "बाई, काय चालू आहे?"

"काम!" सोमीबाय म्हणाली. एवढा शिकलेला माणूस हे काय विचारतो, असा तिचा चेहरा झाला.

तिथला ग्रामसेवक तरुण होता, सरळ होता. तो पुढे येऊन म्हणाला, "सर, तक्त्यात दोनच पर्याय आलेत वरून. चालू आणि बंद. काम बंद नाही सर, ठेकेदाराची माणसं येतात. बंद लिहिलं असतं तर काम सोडून दिलं असं वाटलं असतं. म्हणून चालू लिहिलं." माझ्याही कानाला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. वर जिल्ह्याला मात्र चालू म्हणजे नळाला पाणी येतं असं वाटत होतं. कोणी खोटं बोललं नव्हतं. दोन्हीकडचं मराठी चोख होतं आणि मधल्यामध्ये एक पाडा तहानलेला होता.

साहेब ओट्यावर बसले आणि हसले. पण फार वेळ हसू टिकलं नाही, कारण ती सून दाराशी टेकून दम घेत होती. सोमीबायने तिच्याच हंड्यातून फुलपात्र भरून साहेबांपुढे धरलं.

"नको," साहेब म्हणाले. "मी योजनेचंच पाणी पितो."

सोमीबायचा चेहरा पडला. "आमचे घरचं पानी चालत नाय कं?"

साहेबांनी सुनेकडे बोट केलं. "तसं नाही हो बाई. हे त्या पोरीने डोक्यावरून आणलेलं पाणी. ते पिऊन मी काय तपासू?"

"तपासू नका," सोमीबाय म्हणाली. "प्या."

साहेबांनी दोन्ही हातांनी फुलपात्र घेतलं आणि एका दमात प्याले. निघताना सोमीबायने त्यांच्या रिकाम्या तांब्याला बोटाने टिचकी मारली. "नल आला कं या सायेब. तवा भरून प्या यातून." आणि मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "पन टँकर आदी धाडा बाय. ही पोर आता उतरायची नाय, मी उतरू देयाची नाय, पन घरात पानी पायजे."

एवढंच होतं. पोरीचे दिवस भरायच्या आत टँकर यायला हवा होता, आणि त्यासाठी पडद्यावर पाडा हिरव्याचा लाल व्हायला हवा होता.

कार्यालयात आल्यावर मी महाराजांना साकडं घातलं. 'चालू' खोडून 'बंद' करायला गेले तर पडद्यावर सूचना आली: 'चालू योजना बंद दर्शविण्याची सुविधा उपलब्ध नाही.' जिल्ह्यातून कोणीतरी परवानगी द्यायला हवी. आणि त्याच आठवड्यात जिल्ह्याची व्हीसी, म्हणजे पडद्यावरची बैठक होती, जिच्यात आमच्या तालुक्याचं सगळ्यांसमोर कौतुक व्हायचं होतं, कारण पाणीपुरवठ्यात आम्ही सर्वांत हिरवे होतो. भाऊसाहेबांनी साहेबांना केबिनमध्ये गाठलं. मी फाईल घेऊन दारात होते.

"सर, तुमची निवृत्ती तोंडावर आलीय. शेवटचा अहवाल लिहायचाय वरच्यांना. कौतुक होऊ द्या, टँकरचं आपण मागाहून बघू."

साहेब शांतपणे म्हणाले, "भाऊसाहेब, तिथे नळ चालू नाही. ती पोर चालू आहे. रोज खाली आणि वर."

भाऊसाहेब दाराकडे वळले. जाताना मला म्हणाले, "मॅडम, कॅमेरा नीट लावा उद्या."

व्हीसीला समोरच्या पडद्यावर चौकोना-चौकोनात सगळ्या तालुक्यांचे चेहरे बसले होते. मधल्या चौकोनात जिल्ह्याच्या मॅडम, सगळ्यांच्या वरिष्ठ, वयाने तरुण आणि कडक म्हणून प्रसिद्ध. आमचं नाव आलं. मॅडम म्हणाल्या, "तुमच्याकडचं काम आदर्श आहे. दोन शब्द बोला."

साहेब बोलायला लागले, पण आवाज बंद होता. सगळीकडून "म्यूट, म्यूट!" असा गजर झाला. मी धडपडत बटण शोधत होते, तेवढ्यात साहेबांनी टेबलावरचा तांब्या उचलला, कॅमेऱ्यासमोर धरला आणि उलटा केला. काहीच पडलं नाही. त्यांनी तो हलवूनही दाखवला. सगळे चौकोन टक लावून बघत होते.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं. तोवर मला बटण सापडलं होतं.

"आमचं आदर्श काम आहे मॅडम," साहेब म्हणाले, आणि मग त्यांनी 'चालू' या शब्दाची सगळी हकिकत सांगितली. सोमीबायचं नाव सांगितलं, सुनेचे दिवस सांगितले. शेवटी म्हणाले, "आम्हाला लाल करा. फार उपकार होतील."

मॅडमच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका चौकोनात माईकचं चिन्ह हललं. दुसऱ्या तालुक्याचे अधिकारी घसा खाकरत म्हणाले, "मॅडम... आमच्याकडेही बहुतेक असंच चालू आहे." मग आणखी एक चौकोन म्हणाला, "आमच्याकडेपण तपासावं लागेल." बघता बघता चौकोनांत चुळबुळ सुरू झाली.

मॅडमनी कपाळावर हात मारला. आणि मग, खरं सांगते, त्या हसल्या. कडक माणूस हसला की खोलीतली हवा बदलते, तसं झालं. "म्हणजे इतके दिवस मी काय बघत होते?" त्या म्हणाल्या. "रंगपंचमी?" तिथल्या तिथे त्यांनी तक्ता बदलायला सांगितला. 'चालू' शब्दच काढला. त्या जागी सरळ प्रश्न आला: नळाला पाणी येते का? आणि खाली आणखी एक रकाना, जो साहेबांनी सुचवला आणि मॅडमनी तसाच ठेवला: पिऊन पाहिले का?

आमचा तालुका दुसऱ्या दिवशी पडद्यावर असा लाल झाला की बघवेना. भाऊसाहेबांनी पेढे आणले. का आणले ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही.

टँकर त्याच आठवड्यात गेला. गाडीरस्ता जिथे संपतो तिथवर, आणि तिथून टँकरच्याच पंपाला पाइप लावून वर. सोमीबायची सून त्यानंतर विहिरीवर उतरली नाही. तिला मुलगी झाली.

साहेब पावसाळ्यात निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं सगळं यथासांग झालं. एका वक्त्याने "साहेबांनी शंभर टक्के..." असं सुरू केलं आणि साहेबांचा हात कानाकडे गेला, तेव्हा सगळा हॉल हसला. ते नाशिकला मुलाकडे राहायला गेले. शेवटच्या मूल्यमापनात अपूर्ण कामांच्या रकान्यात त्यांनी एवढंच लिहिलं होतं: 'वरच्या पाड्यावर पाणी प्यायचे राहिले आहे.' मॅडमनी त्यांना काय शेरा दिला तो गोपनीय असतो, त्यामुळे तो 'अ' होता हे मी तुम्हाला सांगू शकत नाही.

मोटर आली, लाइटचे खांब आले, त्याला जायचा तेवढा वेळ गेला. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर ग्रामसेवकाने ग्रुपवर फोटो टाकला: वरच्या पाड्यावरचा नळ, खाली पाण्याची धार. मी तक्ता उघडला, 'पाणी येते का' समोर 'होय' भरलं आणि पुढच्या रकान्यावर थांबले. मग साहेबांना फोन लावला.

"सर, तहान लागलीय का?"

"फार," ते म्हणाले.

पाड्याच्या वाटेवरच्या खोडाळ्याला ते जीपमधून उतरले. थोडे वाळले होते, हातात कापडी पिशवी, पिशवीत तोच पोचा आलेला तांब्या. चढण चढताना या वेळी ते बसले आणि मी उभी राहिले. वर पाड्यावर सोमीबाय वाटच बघत होती. तिच्या कडेवर नात होती, आणि नातीला साहेबांच्या मिशा हव्या होत्या.

साहेब ओट्यापाशी गेले. सवयीने तांब्या उलटा करून पाहिला. तोटीखाली धरला आणि तोटी फिरवली. पाणी आलं. आधी थोडं फुरफुरत, मग सरळ. तांब्या भरला. भरून वाहायला लागला. त्यांचा हात भिजला, बाही भिजली, पायावर पाणी सांडलं, तरी ते तसेच वाकून उभे. बघतच राहिले. माझ्याही डोळ्यांतून पाणी येत होतं.

"सायेब!" सोमीबाय मागून कडाडली. "बघताय काय? नल बंद करा! पानी वाया जाय!"

साहेब दचकले. वळले. "काय म्हणालात बाई?"

"बंद करा म्हनलं! आमचा नल बंद करा!"

साहेबांनी तोटी घट्ट फिरवली. शेवटचा थेंब लोंबला आणि पडला. मग ओल्या मिशांतून ते माझ्याकडे बघून असे काही हसले की मी ते हसू अजून विसरलेले नाही.

"मॅडम, महाराजांना कळवा," ते म्हणाले, "वरच्या पाड्यावरचा नळ बंद आहे."

आणि त्यांनी तांब्या तोंडाला लावला.